मोकळा होकार

शेतकरी बियाणे घेतो तेव्हा चार ठिकाणी विचारतो. मुलीसाठी स्थळ पाहावयाचे असले की घरातील वडीलधारी माणसे गावोगाव हिंडतात, पाहुण्यांच्या पाहुण्यांपर्यंत जाऊन चौकशी करतात. परंतु घरातला मुलगा एके रात्री जेवता जेवता म्हणतो, ‘मला धर्मगुरू व्हावेसे वाटते,’ तेव्हा चौकशी कोठे करावी, कोणाजवळ करावी आणि नेमके काय विचारावे, हे पुष्कळ घरांत ठाऊक नसते. कोणी आनंदाच्या भरात दुसऱ्याच दिवशी पेढे वाटतात. कोणी ‘घराचा आधार गेला’ म्हणून कपाळाला हात लावतात. दोन्ही गोष्टी उतावीळपणाच्या आहेत. मुलाने अद्याप होकार दिलेला नाही, त्याने केवळ प्रश्न विचारला आहे, ही गोष्ट दोघांच्याही ध्यानात येत नाही.

पूर्वी ही चौकशी फादरांच्या ओसरीवर होत असे. मिस्सेला सेवा करणाऱ्या मुलांवर कॅटेकिस्ट मास्तरांची नजर असे. ते फादरांच्या कानावर घालीत. फादर गुरुविद्यालयाच्या रेक्टरांस पत्र लिहीत. उत्तर येण्यास पंधरवडा लागे. १९०३ साली फादर हेन्री डोरिंग ह्यांनी सुरू केलेल्या ‘निरोप्या’सारख्या मासिकांतून दूरदूरच्या खेड्यांत धर्मगुरूंच्या जीवनाची वार्ता पोहोचे. आता निरोप्या प्रत्येकाच्या खिशात आहे. मुलगा मोबाइलवर चार ओळी लिहून पाठवितो, आणि त्याच दिवशी गुरुविद्यालयातील एखादा विद्यार्थी पडद्यावर येऊन त्याच्याशी बोलू लागतो. ही सोय चांगली की वाईट, असे आम्हांस अनेक आईबापांनी विचारले आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी अशा बोलण्याचा एक दिवस आम्ही जवळून पाहिला, तो वाचकांपुढे ठेवतो.

हा दिवस आम्ही बारडोलीस काढला. सुरतेच्या पूर्वेस, सुरत-भुसावळ लोहमार्गावरील हे गाव मराठी माणसास परके नाही. त्याच मार्गावर पुढे नवापूर लागते; त्या स्थानकाच्या मधूनच महाराष्ट्र व गुजरात ह्यांची सीमा गेली आहे. १९६० पर्यंत बारडोली व नंदुरबार एकाच मुंबई राज्यात होती. आणि १९६६ साली बडोदे धर्मप्रांत निर्माण होईपर्यंत हा मुलूख मुंबईच्या आर्चबिशपांच्याच अधिकारात होता. १९५५ साली येथे सहकारी साखर कारखाना स्थापन झाला. तेव्हापासून दिवाळी उलटली की खानदेशातून व डांगातून ऊसतोड कामगारांची कुटुंबे ह्या भागात उतरतात आणि उन्हाळा लागेपर्यंत उसाच्या फडांत राबतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात; माणसाची गणती हत्याराच्या नावाने होते. पावसाळ्यात घरात दाणा नसताना मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि ती हिवाळ्यात अंगमेहनतीने फेडावयाची, असा हा क्रम आहे.

आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबे अशीच तिकडे जातात. त्यांस भेटण्यासाठी एप्रिल महिन्यात आम्ही गेलो असता एका गुरुविद्यार्थ्याच्या घरी उतरलो. त्याचे आईबाप पूर्वी ऊस तोडीत. आता बारडोलीतच दोन खोल्यांत राहतात आणि वडील ऊस वाहणाऱ्या ट्रकवर काम करतात. मुलगा पुण्यास धर्मशास्त्राच्या दुसऱ्या वर्षास आहे. सुट्टीत घरी आला असताना गुरुविद्यालयाने त्याच्यावर एक काम सोपविले होते. ज्या तरुणांनी शिक्षणाची चौकशी केली होती, त्यांच्याशी एक दिवस बोलावयाचे. बारावीची परीक्षा आटोपलेली, निकाल लागावयाचा. असे हे दिवस. ‘मी आज येथे आहे आणि फादरही घरात आहेत,’ हे तो प्रत्येकास आरंभीच सांगे. त्यांच्या संमतीने जे आमच्या कानी पडले, त्यातले सांगण्याजोगे तेवढेच, आणि कोणाची ओळख पटू नये अशा बेताने, आम्ही येथे लिहितो.

सकाळी पहिला तरुण वसईकडचा होता, शिकलेला, चुणचुणीत. त्याने प्रश्न लिहूनच ठेवले होते. राहावयास खोली कशी? मोबाइल वापरू देतात काय? पदवी कोणती मिळते? एकंदर वर्षे किती? गुरुविद्यार्थ्याने एकही प्रश्न हलका मानला नाही. वर्षांचा हिशेब त्याने सरळ मांडला. आरंभी पूर्वतयारीचे निदान एक वर्ष, तत्त्वज्ञानाची निदान दोन, धर्मशास्त्राची निदान चार. त्यांत महाविद्यालयाची पदवी आणि धर्मग्रामातील प्रत्यक्ष सेवेचा काळ मिळवला की आज बारावी झालेला मुलगा तिशीच्या उंबरठ्यावर वेदीपाशी उभा राहतो. पंचविसावे वर्ष पूर्ण झाल्यावाचून गुरुदीक्षा देऊ नये, असा ख्रिस्तसभेचा नियमच आहे. शेवटी त्या तरुणाने विचारले, “ब्रदर, एवढी वर्षे घालवून मी फादर होईनच, ह्याची खात्री काय?” ब्रदर हसून म्हणाला, “खात्री कोणी देत नाही. माझ्याबरोबर आलेल्यांपैकी काही जण घरी परतले. त्यांतला एक आज शाळेत शिकवतो, एकाला दोन मुले आहेत. ते नापास झाले असे आम्ही मानीत नाही.” पलीकडचा तरुण क्षणभर गप्प झाला. असे उत्तर त्याने अपेक्षिले नसावे.

दुसरे बोलणे श्रीरामपूरकडचे. पडद्यावर मुलगा होता, परंतु बोलत होती त्याची आई. “ब्रदर, हा पोटात होता तवाच मी हरेगावच्या मतमाउलीला बोलले होते. ह्याला देवाला वाहिलाय.” ब्रदराने तिचे सारे आदराने ऐकून घेतले, मग म्हणाला, “माउली, आता थोडा वेळ मला त्याच्याशी बोलू द्या. तुम्ही जवळच बसा, पण उत्तर त्याला देऊ द्या.” मुलाने पुष्कळ वेळ मान वर केली नाही. अखेरीस एवढेच म्हणाला, “मला अजून कळत नाही.” ब्रदर म्हणाला, “हे खरे उत्तर आहे. तू घाई करू नकोस.”

त्या माउलीचे मन दुखावले असेल. परंतु अशा सर्व मातांस आम्ही पवित्र शास्त्रातील हन्नेची आठवण देतो. तिनेही शमुवेल जन्मण्यापूर्वीच त्याला परमेश्वरास वाहिले होते, आणि लहानपणीच त्याला मंदिरात नेऊन पोहोचविले होते. तरीही आईचा नवस पुरेसा आहे असे देवाने मानले नाही. रात्रीच्या काळोखात देवाने त्या मुलाला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारली. नवस आईचा असू शकतो. हाक मात्र मुलालाच ऐकू यावी लागते.

ह्याच कथेतील वृद्ध एलीकडे वाचकांनी नीट पाहावे. मुलगा तीनदा धावत त्याच्याकडे आला, कारण हाक एलीनेच मारली असे त्याला वाटले. एलीला स्वतःला काहीच ऐकू आले नव्हते. त्याची दृष्टीही मंदावली होती. परंतु त्याने मुलाला आपल्याजवळ ठेवून घेतले नाही. ‘जा, पुन्हा नीज,’ असे सांगून परत पाठविले, आणि पुन्हा हाक आली तर काय म्हणावयाचे तेवढे शिकविले. जो कोणी तरुणांशी पाचारणाविषयी बोलतो, मग तो ओसरीवर बोलो वा पडद्यावरून बोलो, त्याचे काम एलीचे आहे. हाक त्याची नव्हे. तो केवळ मुलाला पुन्हा देवाच्या समोर पाठवितो.

दुपारी नाशिककडची एक मुलगी बोलली. “ब्रदर, मला सिस्टर व्हायचे नाही. पण बायबल नीट शिकायचे आहे. आमच्या गावात वाचून दाखवतात, समजावत कोणी नाही. माझ्यासाठी काही आहे का?” हा प्रश्न ऐकून आम्हांस फार समाधान वाटले. बायबलचे शिक्षण म्हणजे झगा घालणाऱ्यांचीच मिरास, ही समजूत अजून पुष्कळांच्या मनातून गेलेली नाही. पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात धर्मभगिनी व प्रापंचिक ह्यांनाही धर्मशास्त्राचे शिक्षण मिळते. आमच्या प्रोटेस्टंट बांधवांच्या संस्थाही आहेत. १९५३ साली यवतमाळ येथे उभी राहिलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली पुण्यास आली. २०२१ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी वाचकपदाची सेवा स्त्रियांस अधिकृतपणे खुली केली, आणि त्याच वर्षी कॅटेकिस्टची सेवा ही ख्रिस्तसभेतील स्थायी सेवा म्हणून स्थापन केली. मराठीत तर ह्या कामी स्त्रीचा मान जुना आहे. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबल मराठीत उतरविले. १९२२ साली त्या निवर्तल्या, आणि १९२४ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांचे ‘सुबोध बायबल’ तर आज कित्येक घरांत आहे. त्या मुलीस ब्रदराने आधी घरातील बायबल रोज एक अध्याय वाचावयास सांगितले. जे कळणार नाही ते वहीत लिहून ठेवावे, आणि ती वही आपल्या फादरांस दाखवावी. अभ्यासक्रम नंतर, भूक आधी.

तिसऱ्या प्रहरी जे बोलणे झाले, त्यासाठीच हा सारा प्रपंच लिहिला. पडद्यावर एक मुलगा आला. मागे उसाची पाने वाऱ्याने हलत होती. रेंज नीट मिळेना म्हणून तो बांधावर उभा होता. गाव विचारले तर नवापूर तालुक्यातले सांगितले. बारावीपर्यंत आश्रमशाळेत राहून शिकला. परीक्षा होताच आईबापांना हातभार लावावयास फडावर आला. ब्रदराने विचारले, “तुला गुरुविद्यालयात का यावेसे वाटते?” मुलाने काहीही सजवले नाही. “ब्रदर, तेथे दोन वेळचे जेवण मिळते. इंग्रजी शिकवतात. येथे राहिलो तर पुढच्या साली माझ्या नावाची उचल घेतील. मला कोयता नको.” मग थोड्या वेळाने हळूच म्हणाला, “आणि मिस्सेत मला बरे वाटते.”

एखादा कठोर परीक्षक म्हणाला असता की हे पाचारण नव्हे, ही पोटाची गोष्ट आहे. एखादा भाबडा म्हणाला असता, चला, आणखी एक मुलगा मिळाला. ब्रदराने दोन्हीही म्हटले नाही. त्याने विचारले, “आता तू उभा आहेस ते कोठे?” उत्तर आले तेव्हा आम्ही दोघेही चकित झालो. तो पडाव बारडोलीपासून सायकलने अर्ध्या तासावर होता. शेकडो कोसांवरची माणसे जोडणाऱ्या त्या यंत्राने शेजारचे माणूस आमच्यासमोर आणले होते. ब्रदराने फोन ठेवला आणि पायांत चपला घातल्या.

पडाव म्हणजे उघड्या मैदानात उसाच्या पाचटाच्या व प्लास्टिकच्या झोपड्या. आम्ही गेलो तेव्हा फडावरची माणसे नुकती परतली होती. चुली पेटत होत्या. मुलाच्या वडिलांनी आम्हांस बाजेवर बसविले. ब्रदराने आपण कोण, कोठले, हे सांगितले; आपले आईबापही असेच पडावावर राहत, हेही सांगितले. तेव्हा त्या माणसाचा संकोच गेला. त्याने दोनच प्रश्न विचारले. “खर्च किती?” आणि “तेथून परत आला तर?” पहिल्याचे उत्तर सोपे होते. दुसऱ्याचे उत्तर देताना ब्रदर म्हणाला, “काका, परत येणे म्हणजे पळून येणे नव्हे. पण मला वाटते, त्याने आत्ताच येऊ नये. निकाल लागू द्या. आधी कॉलेजात नाव घालू द्या. मी दर महिन्याला त्याच्याशी बोलेन. वर्ष-दोन वर्षांनी कोयत्याची भीती गेल्यावरही त्याला यावेसे वाटले, तर मी स्वतः त्याला घेऊन जाईन.”

वडील थोडा वेळ चुलीकडे पाहत राहिले. मग आमच्याकडे वळून म्हणाले, “फादर, कॉलेजात कोण घालणार?”

हा प्रश्न त्या ब्रदरासाठी नव्हता. तो आम्हां सर्वांसाठी आहे.

भुकेला तुच्छ लेखू नये. उधळ्या पुत्राची गोष्ट सर्वांस पाठ आहे. त्याला घराची आठवण झाली ती बापाच्या मायेने झाली नाही. बापाच्या चाकरांस पोटभर भाकर मिळते हे आठवून झाली. तरी बापाने दाराशी त्याची झडती घेतली नाही. देव माणसाला भुकेच्या वाटेनेही घरी आणतो. ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५६३ साली प्रत्येक धर्मप्रांतात गुरुविद्यालय असावे असा ठराव केला, तेव्हा विशेषेकरून गरिबांची मुले घ्यावीत, श्रीमंतांचीही वगळू नयेत, असे त्यात स्पष्ट लिहिले. ‘सेमिनरी’ ह्या लॅटिन मुळाच्या शब्दाचा अर्थच रोपवाटिका असा आहे. गरिबाच्या बांधावरचे रोप ख्रिस्तसभेने कधी नाकारले नाही, आणि नाकारूही नये.

परंतु भुकेने वाट धरणे वेगळे, आणि दुसरी वाटच नसणे वेगळे. उसाच्या फडातून बाहेर पडावयास एकच दार उघडे असेल, आणि ते दार गुरुविद्यालयाचे असेल, तर त्या दारातून जो आत जातो त्याचा होकार मोकळा म्हणता येईल काय? ‘नाही’ म्हणण्याची ज्याला सोय नाही, त्याच्या ‘होय’ला किती वजन? आज तो मुलगा आनंदाने जाईल; दहा वर्षांनी अभिषेकाच्या वेळी बिशप त्याला विचारतील, तू स्वेच्छेने आलास ना? तेव्हा त्याला मागे वळण्यास जागा उरलेली नसेल. असा धर्मगुरू स्वतः दुःखी होतो, आणि धर्मग्रामही दुःखी होते.

ख्रिस्तसभेचा नियम ह्या बाबतीत अगदी स्वच्छ आहे. १९८३ सालच्या कॅनन कायद्याचे २१९ वे कलम सांगते की आपल्या जीवनाचा मार्ग निवडताना कोणाचीही जबरदस्ती नसणे, हा प्रत्येक ख्रिस्ती माणसाचा हक्क आहे. १०२६ वे कलम म्हणते की दीक्षा घेणारा पूर्ण स्वतंत्र असावा; कोणासही कोणत्याही प्रकारे दीक्षेसाठी भाग पाडणे निषिद्ध आहे. जबरदस्ती काठीनेच होते असे नाही. आईच्या अश्रूंनी होते, गावच्या कौतुकाने होते, आणि सर्वांत अधिक ती दारिद्र्याने होते.

‘नाही’ म्हणण्याची किंमत बारडोलीच्या मातीस ठाऊक आहे. १९२८ साली शेतसारा २२ टक्क्यांनी वाढविला असता ह्याच तालुक्यातील शेतकऱ्यांनी वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली तो भरण्यास नकार दिला. जमिनी जप्त झाल्या, गुरे नेली, पण लोक बधले नाहीत. पुढे सरकारनेच नेमलेल्या चौकशीत ही वाढ सव्वासहा टक्क्यांहूनही कमी असावी, असे ठरले. आणि वल्लभभाई ‘सरदार’ झाले. परंतु त्याच तालुक्यात त्या वेळी दुसरीही माणसे होती. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या जमीनदाराच्या घरी बांधलेले ‘हाळी’ गडी. सारा न भरण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हताच, कारण नाकारण्याजोगे त्यांच्या हाती काहीच नव्हते. ज्याच्या पायाखाली थोडी तरी जमीन असते, तोच ठामपणे ‘नाही’ म्हणू शकतो, आणि म्हणून ‘होय’ही म्हणू शकतो. तरुणाच्या पायाखाली ही जमीन आपण घातली पाहिजे. ती जमीन म्हणजे शिक्षण.

येथे पुष्कळ वाचक विचारतील, वाट पाहावयास लावून मुलगा हातचा जाणार नाही काय? त्यांनी आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियांचे चरित्र पाहावे. येशूसंघीय गुरूंपाशी ते शिकले, त्यांच्याबरोबर जपानला गेले, तेथे वर्षानुवर्षे कॅटेकिस्ट म्हणून राबले. त्यांची इच्छा त्या संघात प्रवेश मिळावा अशी होती, परंतु तो प्रवेश त्यांस मिळाला नाही. त्यांनी व्यापार केला, चार पैसे मिळविले, स्वतःच्या पायांवर उभे राहिले. मग मनिला येथे फ्रान्सिसकन संघात साधे बंधू म्हणून दाखल झाले. १५९७ च्या फेब्रुवारीत नागासाकी येथे ते क्रुसावर हुतात्मा झाले, आणि १८६२ साली ख्रिस्तसभेने त्यांस संत म्हणून गौरविले. ज्याच्यापाशी दुसरा धंदा होता, दुसरी वाट होती, त्याने ती सोडून ही वाट धरली. देवाची हाक खरी असली तर ती थांबल्याने विझत नाही.

आता पडद्यावरील बोलण्याविषयी. दूर असलेल्या तरुणांस हाक घालणे ही नवी गोष्ट नव्हे. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांनी १५४४ साली हिंदुस्थानातून लिहिलेल्या एका पत्रात म्हटले की, युरोपातील विद्यापीठांत जाऊन वेड्यासारखे ओरडावे आणि तेथील विद्वानांस जागे करावे, असे आपल्या मनात येते. त्या पत्रांच्या नकला युरोपभर फिरल्या. त्या काळी पत्राला गलबताची वाट पाहावी लागे. आज क्षणात शब्द पोहोचतो. साधनाला दोष देण्याचे कारण नाही. आडगावातल्या त्या मुलीला प्रश्न विचारता आला, हे साधनाचेच उपकार होत.

तथापि साधनाची मर्यादाही ओळखावी. संत योहान आपल्या दोन लहान पत्रांच्या शेवटी लिहितात की सांगावयाचे पुष्कळ आहे, पण ते शाई-कागदाने नको. आपण येऊ आणि समोरासमोर बोलू. आणि पहिल्या शिष्यांनी प्रभूला विचारले की आपण कोठे राहता, तेव्हा प्रभूने वर्णन केले नाही. येऊन पाहावयास सांगितले. त्या दिवशी ते त्याच्यापाशी राहिले. तीमथ्याला पौलाने बरोबर घेतले तेही लुस्त्र व इकुन्य येथील बंधूंनी त्याच्याविषयी चांगली साक्ष दिल्यावरच. पडद्यावर चेहरा दिसतो. गावाची साक्ष दिसत नाही. मुलगा घरात कसा वागतो, आजीला पाणी देतो की नाही, शब्द पाळतो की नाही, हे पडदा सांगत नाही. बोलणे पडद्यावर सुरू व्हावे. निर्णय मात्र पडद्यावर होऊ नये.

म्हणून आईबापांस आमच्या काही सूचना आहेत. मुलगा अथवा मुलगी कोणत्याही गुरुविद्यालयाशी वा बायबल कॉलेजाशी फोनवरून बोलत असेल तर रागावू नका. परंतु कोणाशी बोलतो हे आपणांस ठाऊक असू द्या, आणि लहान वयाच्या मुलाने एकट्याने बोलू नये. बोलणाऱ्याने आपले नाव, संस्था व वरिष्ठ सांगितले पाहिजेत. ते खरे की कसे, हे आपल्या फादरांकडून पडताळून घ्या. पहिल्याच बोलण्यात जो पैसे मागतो, किंवा ‘घरी सांगू नकोस’ असे म्हणतो, त्याच्याशी पुन्हा बोलू नये. गुरुविद्यालयात प्रवेशासाठी बाप्तिस्मा व दृढीकरण ह्यांचे दाखले लागतात. ते धर्मग्रामातून मिळतात, म्हणजे फादरांना वगळून हा मार्ग जातच नाही. मुलाला तेथे चार दिवस राहून येऊ द्या. आणि तो परत आला, तर दारात उभे राहून त्याला ‘का आलास?’ असे विचारू नका. प्रभूने त्या श्रीमंत तरुणावर प्रीती केली, त्याला बोलाविले. तो खिन्न होऊन निघून गेला, तरी त्याच्यामागे धावून त्याचा हात धरला नाही.

धर्मग्रामांसाठी मात्र एकच सूचना आहे, आणि ती खर्चाची आहे. गुरुविद्यार्थ्यांसाठी आपण वर्गणी गोळा करतो. फार चांगले करतो. परंतु जो मुलगा गुरुविद्यालयात जात नाही, त्याच्या कॉलेजच्या फीसाठीही तेवढीच पेटी चर्चच्या दाराशी असावी. ऊसतोडीवर गेलेल्या कुटुंबांची मुले गावी राहून शिकू शकतील, अशी राहण्या-जेवणाची सोय चार घरांनी मिळून करावी. सेंट व्हिन्सेंट डी पॉल मंडळीने हे काम आपले मानावे. असे केल्याने पाचारणे कमी होतील, ही भीती खोटी आहे. ज्या वाटिकेत रोपाला वाढावयास जागा असते, तेथलेच रोप लावणीनंतर तग धरते.

पोप सहावे पॉल ह्यांनी १९६४ सालापासून पाचारणासाठी प्रार्थनेचा जागतिक दिवस सुरू केला. पुनरुत्थानकाळातील उत्तम मेंढपाळाच्या रविवारी आपण तो पाळतो. त्या दिवशी आपण मागतो की प्रभो, आम्हांस पुष्कळ धर्मगुरू दे. ह्यापुढे आणखी एक मागणे जोडावे. प्रभो, जे येतील ते मोकळ्या मनाने येवोत, आणि जे येणार नाहीत तेही उपाशी न राहोत.

नाझरेथमध्ये देवदूत मरियेकडे आला, तेव्हा साऱ्या जगाचे तारण तिच्या उत्तरावर थांबले होते. तरीही त्याने तिला घाई केली नाही. तिने आधी प्रश्न विचारला, हे कसे होणार? देवदूताने तो प्रश्न उद्धटपणाचा मानला नाही. समजावून सांगितले, आणि मग तो थांबला. तिने होकार दिल्यावरच तो तेथून गेला. स्वर्गाचा दूत जेथे थांबतो, तेथे आपणही थांबावयास शिकावे.